दोनशे ऐंशी मीटर

३ डिसेंबर

आज सगळ्या खात्यांचे आठमाही अंदाज आले. एप्रिल ते नोव्हेंबर किती खर्च झाला आणि मार्चअखेरपर्यंत आणखी किती लागेल, त्याचे तक्ते. सगळे खोटे! रागाने लिहीत नाही. अर्थसंकल्पाच्या शाखेत सत्तावीस वर्षं काढली की राग येत नाही. आठ महिन्यांत ज्यांचे निम्मेही खर्च झाले नाहीत, ते म्हणतात उरलेल्या चार महिन्यांत दुप्पट खर्च करू. आम्ही कापणार हे त्यांना माहीत, म्हणून ते फुगवतात. ते फुगवतात हे आम्हाला माहीत, म्हणून आम्ही कापतो. कोणाचीच तक्रार नसते.

मांडव्याची साडेसहाची लाँच चुकली, पुढची मिळाली. किहीमला पोहोचलो तेव्हा प्रणाली जेवून बसली होती. "तुमच्या तुटीचं काय झालं?" म्हणाली. म्हटलं, आहे तशी आहे. बायकोला एवढंच सांगायचं, असा माझा नियम. खरा आकडा तिला सांगत नाही, इथेही लिहीत नाही.

५ डिसेंबर

लाँचमध्ये असताना अक्काचा फोन. चिंचवेळला समुद्रालगतच्या बंधाऱ्याचं काम सुरू झालं म्हणाली. चारशे मीटर. "वरल्या टोकाकडनं दगड टाकाया लागलेत, सदा."

"बरं झालं."

"त्याचे कागद तुज्याकडंच असत्यात ना?"

"माझ्याकडे अख्ख्या राज्याचे असतात, अक्का."

"मंग आमचे बी असतील," म्हणाली आणि ठेवला फोन. आवाज फार खूश होता. दोन पावसाळ्यांत समुद्राने तिच्या अंगणाचा अर्धा भाग नेलाय. त्या अंगणावरच तिचं चालतं — बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळवायचे, श्रीवर्धनला न्यायचे, विकायचे. विनेशची होडी असली तरी मुलाच्या जिवावर ती कधी बसली नाही.

९ डिसेंबर

जिल्ह्यांचा आढावा. आमच्या किनाऱ्याच्या बंधाऱ्यांचे मोठे साहेब आजारी, म्हणून त्यांच्या हाताखालची उपअभियंता आली होती. रुचिता नाव. तिशीची असेल. बुटांना वाळू तशीच! थेट कामावरून पहाटे निघाली म्हणे.

सहा कामांचे कागद पुढे केले. प्रत्येकाची मागणी कंत्राटाच्या दीडपट.

"मार्चपर्यंत एवढे खर्च होणार?"

"नाही सर."

"मग?"

"असंच लिहायचं असतं म्हणाले साहेब."

मग मी माझं नेहमीचं व्याख्यान दिलं. आकडा फुगवलात की तो मला वासाने कळतो. तुम्ही खरं लिहिलंत तर इथे बसलेल्या माणसाला खरं ठरवता येतं. सगळेच खोटं लिहितात म्हणून राज्याला आपले पैसे कुठे लागतात तेच कळत नाही. बरं बोललो. शेजारच्या टेबलावर माझ्या हाताखालचा निकेत मान खाली घालून हसत होता, त्याने हे बऱ्याचदा ऐकलंय.

ती मात्र हसली नाही. पेन काढलं. सहापैकी एका कामावर सहा कोटी खोडून चार कोटी लिहिलं, खाली सही केली. "हे काम माझं आहे सर, हे खरं लिहिते. बाकीची साहेबांची आहेत."

नाव वाचलं — चिंचवेळ. तिथे माझी बहीण राहते, मी तिथेच जन्मलो, हे त्या टेबलावर सांगायचं काही कारण नव्हतं. कागद घेतले, पुढच्या जिल्ह्याला बोलावलं.

१८ डिसेंबर

उत्पन्नाचे आकडे आले. वस्तू व सेवा कर ठीक. मुद्रांक शुल्क खाली — घरं विकली जात नाहीत. दारू नेहमीप्रमाणे इमानदार. केंद्राचा वाटा पुढच्या महिन्यात कळेल, म्हणजे मनाप्रमाणे कळणार नाही.

दुसऱ्या बाजूला पगार, निवृत्तिवेतन, व्याज. यांना हात लावता येत नाही. त्यानंतर घोषणा झालेल्या योजना, त्यांनाही नाही. कर्ज काढून भरायचं म्हटलं तर कर्जालाही मर्यादा आहे. मग काय उरतं? रस्ते, पूल, इमारती, बंधारे. कापायचं ते इथेच. पगार थांबला तर मोर्चा निघतो. बंधारा थांबला तर कोणी येत नाही.

हे मी निकेतला सांगितलं तर म्हणाला, "सर, हे तुम्ही जरा दुःखाने बोललात." मी म्हटलं, चहा थंड झालाय म्हणून.

१९ डिसेंबर

दिवसभर तक्ते. डोळे दुखले.

४ जानेवारी

रविवार. प्रणालीला घेऊन चिंचवेळला गेलो. तीन तास लागले, माणगाववरून गेलो असतो तर चार. बंधारा बघितला. एकशे वीस मीटर झालाय. काळे दगड, एकेक म्हशीएवढा. रुचिता तिथेच होती, डोक्यावर टोपी, हातात टेप. मला बघून दचकली. "सर, तुम्ही इथे?" म्हटलं, बहिणीकडे आलोय. तिने मान हलवली. चांगल्या लोकांना हे असं पटकन कळतं आणि ते पुढे विचारत नाहीत.

एक गोष्ट मला समजली नाही. खाडीच्या तोंडाकडचं खालचं टोक जास्त खचतंय. अक्काचं घर तिकडचंच, शेवटून तिसरं. आणि काम सुरू केलंय वरच्या टोकाकडून. रुचिता म्हणाली, "आम्हाला दोन्हीकडून सारखंच, सर. होड्या आणि वलांड्या हलवायला गाव लागतं, म्हणून कुठून सुरू करायचं ते गावकीवर सोडलं. त्यांनी बसून चिठ्ठ्या टाकून ठरवलं."

अक्काला विचारलं. ती बोंबील उलटत होती. "गावकीनं ठरवलं," म्हणाली. वर बघितलं नाही. मग म्हणाली, "तुला सुके बोंबील बांधून देते, तुज्या त्या साहेबाला दे." म्हटलं, अक्का, आमच्याकडे बाई साहेब आहे आणि ती शाकाहारी आहे. खूप हसली. निघताना दारात उभी राहून, मार्चपर्यंत व्हतंय ना रे, असं दोनदा विचारलं. मी म्हटलं, होईल.

१४ जानेवारी

केंद्राचा वाटा कळला. वर लिहिलंय तसंच.

२० जानेवारी

मॅडमकडे बैठक. मॅडम म्हणजे आमच्या सचिव, बोलायला मऊ, आकड्याला कडक. तूट मर्यादेत बसत नाही. आठ दिवसांत बसवायची. कोण काय सुचवतंय?

एक जण म्हणाला, काम बघून कापू. अकराशे कामं आहेत! आठ दिवसांत अकराशे कामं कोण बघणार? मी म्हटलं, सरसकट तीस टक्के. ज्यांनी जेवढं मागितलंय त्याच्या सत्तर टक्केच सुधारित अंदाजात धरायचे. सगळ्यांनी दीडपट मागितलेत, तेव्हा कोणालाच लागणार नाही. कातरी माझी जुनी आहे, सत्तावीस वर्षांत कोणी रडत आलेलं नाही.

निकेत म्हणाला, "सर, आणि कोणी खरा आकडा दिला असेल तर?"

मी म्हटलं, "खरा आकडा कोण देतं?"

सगळे हसले. मॅडमही.

२१ जानेवारी

तीस टक्के मान्य. तूट बसली. लाँचमध्ये झोप लागली.

१ फेब्रुवारी

नवीन वर्षाच्या अंदाजांचं काम सुरू. घरी कागद आणायचे नाहीत म्हणून घरी नुसता बसतो. प्रणाली म्हणते मी जेवतानाही बोटांनी बेरीज करतो.

११ फेब्रुवारी

अक्काचा फोन, सकाळी सात वाजता, मी मांडव्याच्या धक्क्यावर उभा.

"सदा, मशीन घेऊन गेले."

"कुठे?"

"मला काय ठावं. ती पोरगी रडकुंडीला आली व्हती. म्हणली निधी संपला. अंबाजीच्या दारापातूर आला बंधारा नि थांबला."

अंबाजी म्हणजे तिच्यापासून बारा घरं वर. तिथपर्यंत दोनशे ऐंशी मीटर.

"पुढच्या वर्षी होईल उरलेला," मी म्हटलं.

"पाऊस काय पुढल्या वर्षी यायचाय व्हय? तू हायस ना तिथं?"

"तसं नसतं, अक्का."

"मंग कसं असतं?"

धक्क्यावर उभं राहून मी तिला महसुली तूट समजावून सांगितली. उत्पन्न किती, पगार किती, व्याज किती, कर्जाला मर्यादा का. पाच मिनिटं बोललो असेन. मध्ये एकदाही तोडलं नाही तिने. शेवटी म्हणाली, "म्हंजे पगार द्यायला दगुड कमी केले."

हे मला शिकवायला पहिल्या वर्षीच्या साहेबांनी दोन महिने घेतले होते.

१२ फेब्रुवारी

ओळ उघडून बघितली. चिंचवेळ — मागणी चार कोटी, मंजूर दोन कोटी ऐंशी लाख. मीटरला एक लाख. हिशेब बरोबर आहे.

रुचिताला फोन केला. बाकीच्या पाच कामांचं काय झालं? ती म्हणाली, "ती चालू आहेत सर. त्यांना पुरतात." दीडपटीचे सत्तर टक्के म्हणजे कंत्राटापेक्षा थोडे जास्तच. मग जरा थांबून म्हणाली, "सर, तुम्हीच म्हणाला होतात खरं लिहा."

आवाजात राग असता तर बरं झालं असतं. ती फक्त विचारत होती, आपलं काय चुकलं म्हणून.

पुढे म्हणाली, "पैशांचं जाऊ दे सर, पण अर्धा बंधारा हा नसलेल्या बंधाऱ्यापेक्षा वाईट असतो. पाणी दगडावर आपटतं आणि टोकाला वळतं. आधी चारशे मीटरमध्ये वाटलं जायचं ते आता टोकाच्या पुढे एका जागी घुसेल. पावसाळ्याआधी उरलेले एकशे वीस झाले पाहिजेत."

१३ फेब्रुवारी

डिसेंबरचं पान उघडून वाचलं. तिने सहाचे चार केले ते मीच लिहून ठेवलंय.

वीस जानेवारीला ते मला आठवलं नाही, असं लिहिणार होतो. आठवलं होतं. निकेतने विचारलं तेव्हा अर्धा क्षण तो कागद डोळ्यांपुढे आला, खोडलेला सहा आणि वरचा चार. मी बोललो असतो तर विचारलं असतं कुठलं काम. मग निघालं असतं की ते माझ्या गावचं. सत्तावीस वर्षांत माझ्या गावाचं एकही काम माझ्या हातून वर सरकलं नाही, याचा मला फार अभिमान आहे. म्हणून मी विनोद केला.

मला लाज वाटते. बाकी काही लिहिण्यासारखं नाही.

१६ फेब्रुवारी

मॅडमकडे गेलो. सगळं सांगितलं — काम कुठलं, आकडा कसा खरा होता, गाव माझं आहे, बहीण तिथे आहे. मॅडम ऐकून घेतात. म्हणाल्या, "पुरवणी मागण्यांची यादी पाच तारखेला बंद झाली, तांडेल. तुम्हीच बंद केलीत."

खरंच मीच केली होती.

"एकच वाट आहे. त्याच खात्याच्या मागणीतलं दुसरं कोणी पैसे परत करत असेल तर तिकडून इकडे वळवता येतील. शोधा." मग म्हणाल्या, "गाव आधी सांगितलं असतंत तरी मी काही म्हटलं नसतं." हे त्या बोलल्या नसत्या तर बरं झालं असतं.

१७ फेब्रुवारी

एक कोटी वीस लाख. एवढ्या मोठ्या मागणीत एवढे कोणाकडे तरी पडून असणारच. दिवसभर फोन. "सगळा खर्च होणार, सर." "एक पैसा उरणार नाही, सर." "आम्हालाच कमी पडतायत, सर."

२४ फेब्रुवारी

शेजारच्या एका जिल्ह्याचं कार्यालय, नाव लिहीत नाही. जानेवारीअखेर त्यांचा खर्च चाळीस टक्के. मी स्वतः फोन केला. तिथले लेखाधिकारी माझ्याच वयाचे, जुने ओळखीचे. म्हटलं, तुमचे खर्च होणार नाहीत हे तुम्हालाही माहीत आहे, मलाही. आत्ता परत केलेत तर मी ते एका ठिकाणी लावतो.

"तांडेल साहेब, आत्ता परत केले तर पुढच्या वर्षी तुम्हीच म्हणाल यांना लागत नाहीत, आणि कापाल."

"मी नाही कापणार."

"तुम्ही नाही तर तुमच्या खुर्चीतला दुसरा. एकतीस मार्चच्या संध्याकाळपर्यंत कोणी सोडत नाही, साहेब. तुम्हीच लावलेली सवय."

दोघंही हसलो. जुनी ओळख आहे.

१० मार्च

अर्थसंकल्प मांडला. भाषण आम्ही उपाहारगृहात उभं राहून ऐकलं. किनारपट्टीच्या संरक्षणासाठी भरीव तरतूद, असं एक वाक्य होतं. बाकं वाजली. वाक्य खोटं नाही. पुढच्या वर्षासाठी तरतूद आहे, चिंचवेळचे एकशे वीस मीटरही त्यात आहेत, मीच घातलेत. गावाचं नाव मी पहिल्यांदा हाताने टंकलं. निकेतने बघितलं आणि पेढा आणून दिला.

१५ मार्च

रविवार. चिंचवेळला गेलो नाही. अक्काने विचारलं नाही.

३१ मार्च

संध्याकाळी पाच पंचावन्नला त्या शेजारच्या जिल्ह्याने पैसे परत केले. पडद्यावर आकडा आला. सतरा कोटी!

वळवायची मुदत पाचला संपली होती. उद्यापासून ते पैसे नाहीत.

त्यातले एक कोटी वीस लाख. जिन्यावर बसलो थोडा वेळ. निकेत पाणी घेऊन आला, बाजूला बसला. त्याला कधीतरी ही खुर्ची मिळेल. मी म्हटलं, कोणी खरा आकडा दिला तर त्याच्या नावापुढे खूण करून ठेव. म्हणाला, "ठेवतो, सर."

२१ एप्रिल

नवीन वर्षाचा निधी अजून खुला नाही. दरवर्षी एप्रिलअखेर होतो. फाइल चार टेबलांवरून जाते, मी चारही टेबलांवर हातात घेऊन गेलो. लोकांनी वर बघितलं. तांडेल हातात फाइल घेऊन! एकाने विचारलं, "घरचं काम आहे का साहेब?"

म्हटलं, हो.

१५ मे

निधी पोहोचला. रुचिताने लगेच कंत्राटदाराला बोलावलं. तो म्हणतो मशीन रत्नागिरीला आहे, आणायला आठ दिवस. आणि भरतीचं पाणी आता वर चढायला लागलंय.

२९ मे

मशीन आली. दोन दिवस दगड टाकले. अकरा मीटर. तिसऱ्या दिवशी वारा फिरला, दगड ठरेना. कंत्राटदार म्हणाला आता दिवाळीनंतर. रुचिताने त्याच्याशी भांडण केलं असं विनेश सांगत होता. "मामा, ती बाई पाण्यात उभी व्हती कमरेपातूर."

तिचं काही चुकलं नव्हतं. कंत्राटदाराचंही नव्हतं.

३० मे

आज शेवटची लाँच. उद्यापासून बंद. सप्टेंबरपर्यंत मोठ्या बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरायचं आणि तिथून बस.

अक्काला म्हटलं, चार महिने इकडे किहीमला राहायला ये. म्हणाली, "घर टाकून कशी येऊ? घराला कोण बगंल?"

१७ जून

अमावास्येचं उधाण. दुपारी दोनला विनेशचा फोन कार्यालयात.

"मामा, आंगण गेलं. मागली भिंत बसली. आय बरी हाय. अंबाजीकाकाच्या घरात हाय."

पाणी टोकाला वळलं आणि खाडीकडच्या शेवटच्या तीन घरांच्या मागे घुसलं. वरची सगळी घरं कोरडी. बंधाऱ्याचा एक दगड हलला नाही. रुचिताने फोटो पाठवलेत. तिचं काम मजबूत झालंय, हे खरंच आहे.

मॅडमना सांगितलं आणि निघालो.

१८ जून

अक्का अंबाजीच्या पडवीत बसली होती, मांडीवर देवघरातले देव, फडक्यात गुंडाळलेले. मी पुढ्यात उभा. तिने वर बघून विचारलं, "जेवलास का?"

मी बोलायला लागलो — एकतीस मार्च, सतरा कोटी, मुदत. तीस टक्के मीच सुचवले हेही सांगितलं. सगळ्यांसमोर. अंबाजी दाराशी होता, त्याने मान फिरवली. अक्का म्हणाली, "ऱ्हाऊ दे आता, सदा. बस."

त्यांच्यापैकी कोणीतरी एक वाईट शब्द बोलावा म्हणून मी वाट बघत होतो. चहा आला.

२० जून

अक्काला किहीमला घेऊन आलो. वलांडीचा एक बांबू तिने गाडीत घालायला लावला. कशाला, ते विचारलं नाही. आमच्या अंगणात तिरका टेकवून ठेवलाय.

२६ जून

रुचिताचं पत्र आलं, कार्यालयीन. पुढच्या वर्षीच्या सात कामांची मागणी. सातही दीडपट. खाली तिची सही.

सगळी बरोबर लिहिलीत. मी काहीही शेरा मारला नाही.

५ जुलै

अंबाजी आला होता, चिंचवेळहून एसटीने, अक्काचं रेशनकार्ड आणि चिखलातून मिळालेली दोन भांडी घेऊन. ती आत गेल्यावर मला बाहेर अंगणात घेऊन गेला. त्या बांबूला हात लावून उभा राहिला.

"तुला ठावं न्हाय म्हणून सांगतो. चिट्टी खालल्या टोकाची निगाली व्हती. काम तुज्या अक्काच्या दाराकडनं सुरू व्हायचं व्हतं. तीच उठली गावकीत. म्हणली, तुमचं आदी करा, तुमचं तिथं कोणी न्हाय. माजा भाव तिथं बसलाय, माज्यापातूर येतंयच."

आतून अक्काचा आवाज येत होता — प्रणालीला विचारत होती, सदाला कालवणात तिखट अजून तेवढंच लागतं का.